काकवीच्या बाटलीशेजारचा पेला

“वैनी, मिसळून ठेवायचं तर ठेवा, पर बाटलीवर नाव चिकटवा. घरात लेकरू हाय.”

महेशकुमार हे बोलला तेव्हा मी त्याच्याच हातात होतो. दीपमाला हसली होती. “घरात माणसं तीन. एकीला वाचता येत न्हाई, अन् उरलेल्या दोघांना बाटलीत काय हाय ते ठाऊक हाय. नाव कुणासाठी लावायचं?”

मित्रांनो, मी मापाचा एक पेला आहे. स्टीलचा, दोन तोंडांचा, डमरूसारखा. एका तोंडात साठ मिली मावतं, उलटा केला की तीस. ज्या पत्र्यातून मी निघालो त्याच पत्र्यातून माझी भावंडं निघाली. कुणी वाटी झालं, कुणी डब्याचं झाकण झालं, आणि माझ्या वाट्याला तेवढी कंबर आली. वाट्यांना दिवसातून दोनदा काम असतं. माझ्यासारख्याला आठवड्यातून एकदा मिळालं तरी पुष्कळ. हैदराबादेत भांड्यांच्या एका दुकानात मी बराच काळ दोऱ्याला लटकून होतो. येणारी माणसं मला हातात घेत, “हे कशाला असतंय?” म्हणत आणि परत लटकावत.

मग महेशकुमारने मला विकत घेतलं. तो एका हॉटेलात पेयं बनवतो. त्याचा मित्र शिवराज त्याच शहरात नोकरीला, आणि शिवराजचं बिऱ्हाड बसवकल्याणला, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. दीपमाला ही शिवराजची बायको. ती रसायनशास्त्र शिकलेली. बीदरच्या एका कॉलेजात मुलांची प्रात्यक्षिकं घ्यायची. शिवकन्या झाली आणि नोकरी सुटली. शिवराज शनिवारी संध्याकाळच्या बसने यायचा, सोमवारी पहाटे जायचा. बाकीचा आठवडा दीपमालाशी बोलायला अडीच वर्षांची शिवू आणि कुकरची शिट्टी. शिवूला शिंक आली तरी ती तिच्या कपाळाला हात लावून बघायची. खिडकीला कडी आहे ना, गॅस बंद आहे ना, हे बघून परत एकदा बघायची. इतकी सावध बाई, आणि तिने ते एक बोलणं हसण्यावारी नेलं.

शिवराज यायचा तेव्हा थकलेला असायचा. जेवायचा, मोबाईल बघत झोपून जायचा. मग त्याच्या एका साहेबाने अमेरिकेहून आणलेली बर्बनची बाटली त्याला दिली. बर्बन म्हणजे मक्याची व्हिस्की, वासाला जळक्या साखरेसारखी. दोघांनाही ती कशी प्यायची ते ठाऊक नव्हतं. पहिल्या खेपेला त्यांनी लिंबू, साखर, सोडा, सगळं अंदाजाने ओतलं. एक घोट घेऊन शिवराज म्हणाला, “हे पिऊन अमेरिकेची मानसं जगायलीत कशी?” दीपमालाला हसू आवरेना. कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणी मोठ्याने हसलं असेल.

म्हणून महेशकुमार आला आणि माझं आयुष्य सुरू झालं. त्याने दीपमालाला दोनच प्रकार शिकवले. एकात साठ बर्बन, तीसपेक्षा थोडा कमी लिंबाचा ताजा रस आणि तेवढाच साखरेचा पाक. घट्ट झाकणाच्या बरणीत बर्फाबरोबर हलवायचं, गाळायचं, झालं. दुसरा त्याहून सोपा. साठ बर्बन, चमचाभर पाक, कडू अर्काचे दोन थेंब, बर्फाचा मोठा खडा आणि वरून संत्र्याची साल पिळायची. “बारका बर्फ घेऊ नका, वैनी, त्याचं लगेच पाणी व्हतंय. अन् आधी माप, मग चव. अंदाज हा हाटेलवाल्याचा बी चुकतोय.”

त्या दिवशी पाक नव्हता. दीपमालाने फडताळातून काकवीची बाटली काढली. काकवी म्हणजे गूळ होण्याआधीचा उसाचा दाट रस. ती दिली होती खालच्या खोलीतल्या सोजराबाईंनी. त्यांच्या भावाचं मंठाळला गुऱ्हाळ आहे. तो दरवर्षी कॅनभर काकवी पाठवतो आणि बाई ती सगळ्या वाड्यावस्तीला वाटतात. दीपमालाने चमचाभर काकवी बर्बनमध्ये ढवळली. महेशकुमारने घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, “वैनी, हे आमच्या हाटेलात बी न्हाई.”

ती शाबासकी तिची होती, पण मलाही वाटलं, थोडी माझी असेल.

मग दर शनिवारी मी बाहेर यायचो. एकेक पेला, दुसरा नाही, हा त्यांचा नेम. तेवढ्यात दोघं तासभर बोलायची. बसमधल्या माणसांबद्दल, शिवूच्या नव्या शब्दांबद्दल, तिच्या सुटलेल्या नोकरीबद्दल. दीपमालाचा अख्खा आठवडा त्या तासाच्या आधाराने उभा असायचा. शिवू जागी असली की मोजामापीत वेळ जातो, म्हणून ती शनिवारी दुपारीच बर्बन आणि काकवी मिसळून ठेवू लागली. कशात? काकवीच्याच रिकाम्या बाटलीत. ही गोष्ट गुपचूप करायची होती. शिवराजचे वडील, ठाणाकुशनूरचे हरिबा, गळ्यात माळ घालणारे. त्यांच्या घरी दारूचं नाव निघालं तरी चूळ भरतात. अशा घरातल्या सुनेच्या फडताळात काकवीची बाटली दिसलेली काय वाईट?

सोजराबाईंना मात्र त्या घरात कुठलीच कडी नव्हती. मुलगा धनराज पुण्याला, फोन सणासुदीला. त्यामुळे दिवसातून दहादा जिना वाजायचा. “शिवू, ए शिवे, बोरं आनलीत बग.” “दीपमाला, कामून रडायलंय लेकरू? दृष्ट काढ की.” शिवूही त्यांच्याच हातून चार घास जास्त खायची.

एका शनिवारी शिवू खोकत होती. सोजराबाईही खोकत होत्या, नाक चोंदलेलं, आवाज बसलेला. दीपमाला म्हणाली, “मावशी, जरा बसा हिच्यापाशी. मी औषध घेऊन येते.” तिने पर्स घेतली, गॅस बघितला, खिडकी बघितली आणि गेली.

शिवूला उबळ आली. सोजराबाई उठल्या. खोकल्याला काकवी, हे त्यांच्या हाताला पाठ. फडताळात त्यांचीच बाटली होती, त्यांनीच दिलेली. पातळ वाटली, तर म्हणाल्या, “कोमट पानी घातलंय जनू माज्या मायनं.” ताटाळ्यात मी पालथा होतो. मला बघून त्यांना वाटलं, लेकराच्या औषधाचा पेला. त्यांनी माझं लहान तोंड वर केलं आणि भरलं.

मित्रांनो, पेल्याला ओरडता येत नाही. मला ओतायचं ते बरोबर मोजता येतं, काय ओतलंय ते सांगता येत नाही. शिवूने दोन घोट घेतले, तिसरा थुंकला आणि भोकाड पसरलं. “तिखट! आज्जी, तिखट!”

“आलं असंल गं त्यात,” बाई म्हणाल्या, आणि उरलेलं स्वतःच्या खोकल्याला म्हणून स्वतः प्यायल्या.

दीपमाला परतली तेव्हा शिवू बाईंच्या मांडीवर विचित्र सैल पडली होती आणि बाई भिंतीला टेकून म्हणत होत्या, “मला बी गरगरायलंय गं, दीपमाला.” तिने शिवूच्या तोंडाचा वास घेतला. “किती पाजलं, मावशी?” बाईंनी माझं लहान तोंड दाखवलं, त्यातलं अर्धंही गेलं नाही म्हणाल्या. बाटली पर्समध्ये, मी पर्समध्ये, लेकरू खांद्यावर, आणि रिक्षा.

दवाखान्यात ती प्रात्यक्षिकातलं मोजमाप सांगावं तशी बोलली. “डॉक्टर, ही काकवी नाही. यात दारू आहे. या पेल्याचं हे लहान तोंड भरलं होतं. अर्ध्याहून कमी गेलंय पोटात.” डॉक्टरांनी मला उलटसुलट बघितलं. म्हणाले, “खरं सांगितलंत आणि किती ते सांगितलंत, हे बरं केलंत.” शिवूच्या रक्तातली साखर तपासली, सलाईन लावलं, रात्रभर नजरेखाली ठेवलं. सकाळी तिने डोळे उघडून बिस्कीट मागितलं. दीपमाला तेव्हा पहिल्यांदा रडली.

खरी गोष्ट इथे संपायला हवी होती. संपली नाही.

सकाळीच ठाणाकुशनूरहून हरिबा आले. चक्कर उतरल्यावर मागून आलेल्या सोजराबाई दवाखान्याच्या व्हरांड्यात अंग चोरून बसल्या होत्या. हरिबांनी “काय झालं?” म्हणताच त्याच हात जोडून उठल्या. “माजीच काकवी आंबली असंल, अण्णा. मला बी चक्कर आली. म्याच पाजली.”

हरिबा लेकरासाठी घाबरलेले होते, आणि घाबरलेलं माणूस कडू बोलतं. “म्हातारपणी हात आवरावा मानसानं. दुसऱ्याच्या लेकराच्या तोंडात काय बी घालायचं व्हय?”

दीपमालाने तोंड उघडलं. आदल्या रात्री बसने पोचलेल्या शिवराजने तिच्याकडे बघितलं. तिने तोंड मिटलं. मी तिच्या पर्समध्ये त्या बाटलीला टेकून होतो. आम्ही दोघंच तिथे खरं बोलू शकलो असतो, आणि आम्हालाच वाचा नव्हती.

घरी आल्यावर मला कपाटाच्या वरच्या कप्प्यात टाकलं. शनिवार येत, जात. मला तिथून फक्त आवाज कळायचे, आणि कळायला लागलं की एक आवाज बंद झालाय. जिना वाजत नव्हता. शिवू खिडकीशी उभी राहून हाका मारायची, “आज्जी, बोरं!” खालून उत्तर यायचं नाही. एकदा दीपमाला शिवराजला सांगत होती, “मावशींनी काकवीचा सगळा कॅन गटारीत ओतला. भावाला निरोप पाठवला, पुन्हा धाडू नको म्हणून. मुंग्यांची ही रांग लागलीय. आंबलेल्याला मुंग्या अशा लागत्यात का? त्यांनी नीट बघितलं असतं तर त्यांनाच कळलं असतं.”

“जाऊ दे की. लेकरू बरं हाय न्हवं? अप्पाला कळलं तर घरात पाय ठेवू देणार न्हाईत.”

“त्यांच्या खोलीत चूल पेटंना झालीय, शिवराज. मी रोज बघायलेय वरून.”

त्याने मोबाईल हातात घेतला. तिने कपाट उघडलं. मला घेतलं, बाटली घेतली, शिवूचं बोट धरलं, आणि फार दिवसांनी जिना वाजला. या वेळी वरून खाली.

सोजराबाईंची खोली मी पहिल्यांदाच बघत होतो. भांडी पालथी, कोपऱ्यात रिकामा कॅन धुऊन ठेवलेला. शिवू धावली, तर त्यांनी हात पदराखाली घेतले. “नगं बाई, मला हात लावू नगं.”

दीपमालाने बाटली आणि मला त्यांच्यापुढे ठेवलं आणि सांगितलं. सगळं सांगितलं. अमेरिकेची दारू, शनिवारचा पेला, बाटली, गप्प राहिलेलं तोंड.

बाईंनी बाटली उचलून उजेडात धरली. मग अगदी हळू म्हणाल्या, “म्हंजे माजी काकवी चांगली व्हती?”

“चांगली होती, मावशी.”

“भावाला माज्या म्या शिव्या घातल्या गं.” त्यांनी पदर डोळ्याला लावला. मग एकदम खाली केला. “आन् मी दारू पेले व्हय?”

“थोडी.”

“तरीच! त्या दिवशी माजा गुडघा दुकला न्हाई.” आणि त्या हसल्या, हसता हसता खोकल्या, आणि दीपमाला हसता हसता रडायला लागली.

ती म्हणाली, “चूक माझी. बाटलीवर नाव लावायला पाहिजे होतं.”

“नाव लावून काय केली असतीस? मला कुठं वाचता येतंय? मला सांगायचं व्हतं. येवढी परकी हाय का मी?” मग त्यांचा आवाज कडक झाला. “हरिबाअण्णाला सांगितलीस?”

“नाही.”

“मंग लाव फोन. माज्या म्होरं लाव. त्यांच्या म्होरंच मी हात जोडले व्हते.”

दीपमालाने फोन लावला. पलीकडे हरिबांनी सगळं ऐकलं आणि फोन ठेवून दिला. त्यानंतर बरेच दिवस ते सुनेशी बोलले नाहीत. ते तिने सोसलं. सोजराबाईंनी कनवटीचा काळा दोरा काढून त्या बाटलीच्या गळ्यात बांधला. “आता अडान्याला बी कळंल.”

जिना पुन्हा वाजू लागला. बाई येतात, दाराशी बसतात, शिवूला गोष्टी सांगतात. पण बोरं आणली तर दीपमालाच्या हातात देतात. “तूच दे.” शिवू आ करून पुढे बसते, तरी त्यांचा हात पदराबाहेर येत नाही. तेवढं एक परत आलं नाही.

परवा ठाणाकुशनूरहून सासूबाईंचा फोन आला, सगळ्यांनी या, अप्पा नातीला बोलवायलेत. दीपमाला लगेच निघाली. जाताना कपाटाला कुलूप लावलं, कडी बघितली, परत बघितली. आत मी आणि काळ्या दोऱ्याची बाटली. अंधारात खालचा आवाज मला नीट कळतो. काल सोजराबाई फार खोकत होत्या. आज सकाळी त्यांचा अंगण झाडण्याचा आवाज ऐकू आला नाही. दूधवाल्याने दोनदा हाक मारली आणि तो निघून गेला. धनराजचा फोन सणासुदीलाच येतो आणि सण अजून लांब आहे.

मित्रांनो, मला जिना उतरता येत नाही. तुमच्यापैकी कुणी बसवकल्याणच्या बाजूला असाल तर जरा खाली जाऊन कडी वाजवा. दुसऱ्या गावचे असाल तर तुमच्याही शेजारी एखादं दार असेलच, ज्याचा आवाज हल्ली येत नाही. तिथे जा. काही देऊ नका, उलट काहीतरी मागा. म्हणा, “मावशी, लेकरू खोकायलंय, जरा काकवी पाजता का तुमच्या हातानं?”