सोन्याच्या दुकानातली जाळी

दुकान खोटं होतं, सोनं खोटं होतं. काचेच्या टाकीतले लाल मासे तेवढे खरे होते. बुआखाम त्यांच्याकडे पाहत बसली की तिला वाटे, आपणही पाण्याखालीच आहोत आणि वर कुठेतरी लोक हलकेच बोलताहेत.

तीस वर्षं ती बँकॉकच्या चोर-पोलिसांच्या विनोदी सिनेमांत ईसानकडची, म्हणजे ईशान्येच्या खेड्यांतली, मोलकरीण होत आली होती. चोर शिरले की किंचाळायचं, कच्च्या पपईची कोशिंबीर अंगावर सांडून घ्यायची आणि धपकन पडायचं. मग तो सिनेमा तिच्या गावी, देवळाच्या आवारात कापडी पडद्यावर दाखवत. गेल्या खेपेला सगळं गाव हसलं. चौऱ्याऐंशी वर्षांची आई मात्र चटई गुंडाळून निघून गेली. "ती कोण बाई होती? आपल्यात अशी कुणी नाही," एवढंच म्हणाली.

ते वाक्य घेऊनच बुआखाम आज दिग्दर्शकासमोर उभी राहिली. पावारित तिच्या मुलाच्या वयाचा.

"साहेब, एकदा तरी मला आमच्याकडच्या बाईसारखं वागू द्या."

"मावशी, तुम्ही पडलात की लोक थेटर डोक्यावर घेतात!"

"तीस वर्षं पडतेय. कंबरेनं राजीनामा दिलाय."

"मग मी पडतो," चोराच्या वेषातला नाविन हसून म्हणाला. "तुम्ही पिस्तूल धरा."

कॅमेरा सुरू झाला तेव्हा मात्र पिस्तूल त्याच्याच हातात होतं. नाविनने चाप ओढला आणि नुसत्या आवाजाचा बार भलताच मोठा उडाला. पिस्तूल टाकून तो मटकन खाली बसला. ओठ पांढरे, नजर कुठेच नाही. सगळे जागच्या जागी थिजले. कॅमेरा बंद करा, असंही कुणाला सुचलं नाही.

बुआखामने पडायचं होतं. ती पडली नाही. माणूस असा दचकला की त्याचा ख्वान, त्याच्या आतला जीव, तिथेच गळून पडतो. उचलून आणला नाही तर माणूस पोकळ राहतो. तिने टाकीवरची मासे धरायची जाळी घेतली आणि गावी म्हाताऱ्या बाया करतात तशी नाविनभोवतीची हवा हळूहळू उपसायला लागली.

"ये रे ख्वाना, ये. भाताशी ये, आईशी ये. या परक्या उजेडात राहू नकोस."

बोली गावची होती. सिनेमात ती नेहमी वाकडी करून बोलावी लागे. आज सरळ आली. जाळीतून थेंब गळत होते. तिने जाळी त्याच्या छातीवर उपडी केली, एप्रनचा पांढरा दोरा उसवून, आलेला ख्वान पुन्हा निसटू नये म्हणून, त्याच्या मनगटाला बांधला.

नाविनने लांब श्वास घेतला. "मावशी... मी कुठे होतो?"

"इथेच. फरशीवर सांडला होतास."

कुणीतरी हसलं, मग सगळेच. नाविनही.

"सगळं टिपलंय!" पावारित म्हणाला. "आता पुन्हा एकदा, फक्त शेवटी पाय घसरून..."

"आलेल्या जिवाला पुन्हा बोलवत नाहीत, साहेब."

पावारितने माशांकडे पाहिलं. "बरं," म्हणाला. "आहे तसंच राहू दे."

भातकापणीनंतर सिनेमा गावात आला. तिन्हीसांजेच्या वाऱ्यात पडदा फुगला, आणि क्षणभर पडद्यावरची जाळी साऱ्या गावावरून फिरल्यासारखी वाटली. "सांडला होतास"ला लोक खदखदून हसले. बुआखामचं पडद्याकडे लक्ष नव्हतं. ती आईकडे पाहत होती.

आई उठली नाही. ओठांतल्या ओठांत म्हणत होती, "ये रे, ये."

मग लेकीकडे न बघताच म्हणाली, "जाळी जरा खाली धरायची होतीस."

"हो, आई," बुआखाम म्हणाली.