पांढरं प्लेटीवर फुटते

"पोरीले म्हणा, हळद धुऊन ये आधी. तोंड काळं येईन!" काळ्या कापडाखालून भोजराज ओरडला आणि मांडवात हशा पिकला.

नवरीचा बापच कॅमेऱ्याच्या कापडात डोकं खुपसून उभा, ही मजा पाहायला अर्धं गोंदिया लोटलं होतं. पण भोजराज चुकीचं बोलत नव्हता. त्या काळच्या काचेच्या प्लेटींना पिवळा रंग कळत नसे. हळदीचं तोंड काजळी फासल्यासारखं उमटे. वीस वर्षं गोरेगावापासून अर्जुनी मोरगावापर्यंत लग्नांचे फोटो काढून अशा चुका त्याला तोंडपाठ झाल्या होत्या. अक्षता उडत असताना भिंगाचं झाकण काढायचं नाही, रेघोट्या येतात. मांडवाच्या डहाळ्यांची सावली नवऱ्याच्या कपाळावर पडू द्यायची नाही. पंगत उठल्यावर तर फोटो नकोच, माणसं पेंगतात. आणि पांढऱ्या लुगड्याची बाई फोटोत घ्यायची नाही.

"पांढरं प्लेटीवर फुटते," तो सांगे. "बाजूच्याचं तोंड खाऊन टाकते."

बाकीचं सारं खरं होतं. हे एवढं खोटं होतं. घरच्यांना विधवा फोटोत नको असे, पण म्हातारीला तोंडावर सांगायची लाज वाटे. मग भोजराज सांगे. म्हातारी प्लेटीला भिऊन आपणहून बाजूला होई, घरचे खूष होत, आणि त्यांच्या भाऊबंदांतलं पुढचं लग्नही भोजराजलाच मिळे.

हे खोटं एकाच माणसाला माहीत होतं. त्याची थोरली बहीण शामकला. चौदाव्या वर्षी कपाळ पुसून ती माहेरी आली ती कायमची. भोजराजची बायको बाळंतपणात गेली तेव्हा रुख्माला तिनंच पोटाशी धरून वाढवलं. अंधारखोलीत प्लेटी धुवायची तीच. काचेवरचा नको तो डाग पातळ पात्यानं खरवडून काढायचा, तर तिचा हात भोजराजच्या हातापेक्षा हलका. एकदा ओल्या प्लेटीकडे पाहता पाहता तिनं विचारलं होतं, "काऊन रे भोजा, बाप्यांचे धोतरं पांढरे नसतेत का? ते तं नाही फुटत."

"धंदा आहे, बाई," भोजराज म्हणाला होता. तिनं पुन्हा विचारलं नाही.

तिचा स्वतःचा फोटो एकही नव्हता. "मले एकटीले कायले? रुख्माच्या लग्नात काढ, पोरीसंग," असं ती वर्षानुवर्षं म्हणत आली होती. भोजराजनं तसा शब्द दिला होता.

आज ती उशाखाली दाबून घडी बसवलेलं पांढरं लुगडं नेसून आली आणि रुख्माच्या खुर्चीमागे उभी राहिली. रुख्मानं न बघताच मागे हात नेऊन तिचा हात धरला.

"थांबा जी," नवऱ्याच्या बाजूनं आवाज आला. व्याही सेवकराम उठून उभा राहिला होता. तिरोड्याचा धानाचा व्यापारी, एरवी कमी बोलणारा माणूस. "पांढरं फुटते ना, इवाई?"

भोजराज कापडाखालीच राहिला.

"कापडातून निघा नं. सात वर्षं झाले. माह्या मोठ्या पोराच्या लग्नात माही माय नातवाजवळ येऊन बसली, तं तुम्ही म्हणलं, आजीबाई उठा, नातवाचं तोंड खराब होईन. उठली बिचारी. त्याच साली मेली. तिचा फोटू नाही माह्यापाशी. म्या तं तिले उठवाले नव्हतं सांगतलं तुमाले."

खरंच कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ते सवयीनंच भोजराजच्या तोंडून निघून गेलं होतं.

"आता सांगा," सेवकराम म्हणाला. "फुटते का नाही फुटत? नसंन फुटत तं बाईले राहू द्या उभी. माही मनाई नाही. पण सांगा एकडाव, साऱ्याइच्या समोर."

भोजराज कापडाबाहेर आला. समोर वीस वर्षांची गिऱ्हाइकं बसली होती. कोणाची आई, कोणाची काकू, कोणाची बहीण त्यानं उठवली होती. शामकला त्याच्याकडे पाहत होती. ती विनवत नव्हती, नुसती वाट पाहत होती.

"फुटते," भोजराज म्हणाला. "बाई, मागं जाय. वारा सुटला आहे. पडदा धर."

शामकलानं हात सोडवून घेतला. रुख्मा सोडेना तेव्हा तिनं तिची बोटं एकेक करून उकलली. "जाऊ दे माय. तोंड खराब होईन तुहं." ती खुर्च्यांमागच्या तपकिरी पडद्याआड गेली.

रुख्माला हुंदका फुटला.

"रडू नोको," भोजराज म्हणाला. "हालशीन."

त्यानं झाकण काढलं, तीन मोजले आणि झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शामकला दार लावून अंधारखोलीत बसली. रोजच्यापेक्षा जास्त वेळ लागला. बाहेर आली तेव्हा भोजराजनं विचारलं, "पडद्याच्या काठावर बोटं तं नाही ना आले?" पडदा धरणाऱ्याची बोटं दिसणं ही नेहमीची चूक.

"नाही. साफ आहे."

फोटो साफच होता. सेवकरामनं तो चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावला. त्यानंतर भोजराज कितीदा तरी म्हणाला, "बाई, आंगणात बस, तुहा एक काढतो." ती म्हणे, "कायले प्लेट खराब करतं?" मग लढाई लागली, प्लेटी मिळेनाशा झाल्या. लढाई संपली त्या साली शामकला गेली.

तेरवीला रुख्मा आली. "बाबा, आत्याचा एखादा तरी फोटू असंन ना? कोपऱ्यातला, अर्धामुर्धा, कसाही."

भोजराजनं जुनी खोकी उतरवली आणि एकेक प्लेट खिडकीशी धरून पाहू लागला. साऱ्या जिल्ह्याची तोंडं त्यात होती. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा रुख्माच्या लग्नाची प्लेट हाती लागली. ती ठेवून देताना ऊन तिरपं पडलं आणि पडद्याच्या काठाशी त्याला खरवडल्याच्या खुणा दिसल्या. शेजारी शेजारी चार, बोटाबोटाएवढ्या. पातं इतकं हलकं फिरलं होतं की कागदावर काहीच उमटलं नव्हतं. असा हात घरात एकाचाच होता.

"सापडला का?" दारातून रुख्मानं विचारलं.

भोजराजनं प्लेट तिच्यापुढे धरली आणि जागेवर बोट ठेवलं. "हे पाह्य. इथं होती."

रुख्मानं काच डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली.

"इथं तं काहीच नाही, बाबा."