‘हमखास गाभडते’

छगनबाबा शेडवर आला तेव्हा माधुरी पोत्यांची शिवण तपासत होती. म्हाताऱ्यानं राम राम नाही की पाणी मागणं नाही, थेट मोबाईल तिच्या नाकासमोर धरला.

“वाच. मोठ्यानं वाच.”

माधुरीनं वाचलं. ‘दुभती खनिज मिश्रण. रोज पन्नास ग्रॅम द्या आणि निर्धास्त राहा. तुमची गाय हमखास गाभडते!’

आपलंच काही चुकलं म्हणून तिनं पुन्हा वाचलं. नाही, ‘गाभडते’च होतं, आणि पुढं उद्गारचिन्ह ठोकलेलं होतं. वर त्यांच्याच पोत्याचा फोटो, खाली तिचाच मोबाईल नंबर.

आता शहरातल्या माणसाला वाटेल, त्यात काय एवढं! अहो, गाय गाभण राहिली की घरात गूळ वाटतात, आणि गाय गाभडली म्हणजे पोटातलं वासरू दिवस भरायच्या आधीच पडलं. ज्याच्या दावणीला दोनच गाया, त्याचं त्यात वर्ष जातं. गाय लवकर गाभण राहते, हे सांगायला काढलेली वेबसाईट, आणि तिच्यावर ठळक अक्षरात लिहून ठेवलेलं की आमचा माल घाला, वासरू पाडून मिळेल.

“काल दुपारी माझी गाय गाभडली,” छगनबाबा म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. “सातवा लागला हुता. परवाच तुमचं पोतं नेलं. नातीनं हे मोबाईलात दावलं, तवा कळलं. तुमी इमानदारीनं लिव्हलंय, आता इमानदारीनं गाय बी आणून बांधा.”

माधुरीच्या डोक्यात सणक गेली, पण ती म्हाताऱ्यावर काढण्यात काय अर्थ? तिनं त्याला खुर्ची दिली आणि विचारायला लागली. ताप होता का? याआधी कधी गाभडली होती का? शेजारच्या गोठ्यात कुणाची? वासरामागची वार आपोआप पडली का, की हातानं काढली?

“हातानंच काढली. आजवर तसंच करीत आलो.”

“बाबा, घरी गेल्या गेल्या साबणानं कोपरापर्यंत हात धुवा. वार खड्ड्यात चुना टाकून पुरा, कुत्र्याच्या तोंडाला लागू देऊ नका. आन डॉक्टरला सांगून गायीचं रक्त तपासून घ्या. गाभडायचा एक रोग असतो, तो माणसालाबी लागतो. दोन दिवसांच्या मिश्रणानं गाय गाभडत न्हाई, बाबा. आठवा, मागल्या वर्षी तुमची कालवड उलटत हुती, गाभणच ऱ्हात न्हवती, तवा फोनवर कोण बोललं हुतं?”

“तूच.”

“मग?”

“मग लिव्हलं कशाला तसं?” छगनबाबा उठला. “मी चेअरमनला बी दावलंय. ग्रुपवर फिरतंय सगळीकडं. आज संध्याकाळी दुधानंतर मीटिंग हाय, तितं काय सांगायचं ते सांगा.”

म्हातारा गेला आणि माधुरी पोत्यावर बसली. चेअरमन म्हणजे भीमराज. त्याच्या दूध संस्थेत सव्वातीनशे जण दूध घालतात, आणि संगमनेरच्या अलीकडच्या दहा गावांत दुभतीचं पोतं विकलं जातं ते त्याच्या काउंटरवर दिसतं म्हणून. तिथून पोतं उतरलं की आठवड्यात बाकीच्या संस्थांतूनही उतरणार. चार वर्षांत उभं केलेलं नाव एका शब्दानं मातीत जाणार, आणि तो शब्दही तिचा नाही.

वेबसाईटचं खूळ तिच्या नवऱ्याचं, अमृतचं. हायवेवरच्या प्रत्येक नर्सरीवाल्याची वेबसाईट आहे, आपलीच नाही, म्हणून त्यानं सहा महिने धोशा लावला होता. माधुरी म्हणाली होती, “मी लिहिते की.” माहेरी चौदा गाया, लग्नाआधी दोन वर्षं दूध संस्थेत दुधाचं फॅट तपासायला बसलेली, आणि पोत्यावरचा नंबर तिचा. दिवसाला पंचवीस-तीस शेतकऱ्यांशी तीच बोलते. अमृत हसला होता. “फोनवर बोलणं येगळं आन लिहिणं येगळं. त्याला प्रोफेशनल लागतो.” आणि मग केडगावचा करण नावाचा कोणी ‘फ्रीलान्स कॉपीरायटर’ धरला. तो शब्द अमृत असा उच्चारायचा की जणू घरात सर्जन येतोय.

आज तिनं ती वेबसाईट पहिल्यांदा वरपासून खालपर्यंत वाचली. ‘आमचा प्रवास एका स्वप्नातून सुरू झाला.’ कसलं डोंबलाचं स्वप्न! त्यांची गाय दावं चघळत होती, चपला खात होती. अंगात फॉस्फरस कमी पडलाय, हे माधुरीनं ओळखलं, मिश्रण आणून घातलं, आणि मग अमृतला म्हणाली की हे आपणच बनवू. पुढं लिहिलं होतं, ‘आनंदी गाय, आनंदी शेतकरी.’ गायीच्या कपाळावर हसरा चेहरा चिकटवलेला. तिला वाटलं, मोबाईल उचलून मिक्सरमध्ये टाकावा.

तिनं करणला फोन लावला.

“माधुरी बोलते, दुभतीवरून. गाभडते म्हंजे काय हो?”

पलीकडून उत्साहात उत्तर आलं, “गाभण राहते, मॅडम! सरांनी अस्सल गावरान भाषा मागितली होती ना. माझी आजी म्हणायची हा शब्द. गाय गाभडली की ती शेजारणींना सांगत सुटायची.”

“आणि सांगताना हसत हुती का रडत हुती?”

“रडत,” तो अडखळत म्हणाला.

“वासरू पडलं की गाय गाभडली म्हनतात! पुण्याचा असतास तर एक वेळ सोडून दिलं असतं. केडगावात राहतोस, दाराम्होरनं दुधाचे टँकर जात असतील, आन आजीचा शब्द कळला न्हाई तर कुणाला विचारायची लाज वाटली? माझ्या दारात एक म्हातारा रडून गेला. उद्या माझा धंदा बसला तर तुझी आजी येणार हाय का उठवायला?”

“मॅडम, चुकलं माझं. खरंच चुकलं,” तो म्हणाला. आवाज उतरला होता, पण तो पळाला नाही. “दहा मिनिटांत काढतो. पण एक सांगू का? मी विचारलं होतं. पहिल्याच दिवशी. तुम्हाला पाठवतो, तुम्हीच वाचा.”

वेबसाईटवरची ती ओळ निघायच्या आधीच चॅटचा फोटो आला. माधुरीनं बोटांनी मोठा केला.

करणनं लिहिलं होतं, ‘सर, मला गाईंमधलं काही कळत नाही. तुमच्याकडे शेतकऱ्यांशी रोज बोलणारं, जनावरांमधलं जाणणारं कुणी असेल तर एक तास फोनवर बोलायला मिळेल का? म्हणजे चुका होणार नाहीत.’

खाली अमृतचं उत्तर. ‘घरात तसं कोणी नाही. गुगलवर सगळं मिळतं. तुम्ही लिहा.’

त्याच्या खाली आठ दिवसांनी, ‘सर, मजकूर पाठवलाय, एकदा वाचून घ्या.’ आणि अमृतचा उभा अंगठा. अर्ध्या मिनिटात.

माधुरीनं ते एकदाच वाचलं. करणवरचा राग कुठल्या कुठं गेला, आणि आत जे उसळलं त्याला राग म्हणणंही कमीच. घरात तसं कोणी नाही! त्या दिवशी ती कुठं होती? इथंच, याच शेडमध्ये, पाच फुटांवर, कानाला फोन लावून कुणाच्या तरी आटलेल्या गायीचं ऐकत असेल.

दुपारी अमृत टेम्पो घेऊन आला तो आधीच भेदरलेला. ग्रुपवर त्यानंही पाहिलं होतं.

“त्या करण्याला सोडत न्हाई मी,” तो उतरता उतरता म्हणाला. “संध्याकाळी तूबी चल. तू बोललीस की मानसं ऐकत्यात.”

माधुरीनं मोबाईल त्याच्या हातात दिला. त्यानं वाचलं, आणि शेडच्या पत्र्याकडं बघत बसला.

“अगं, ते... तसं न्हाई म्हनायचं मला. प्रोफेशनल मानसाला घरातलं कशाला सांगायचं, म्हनून...”

“घरातलं?” ती म्हणाली. “मी घरातलं हाय व्हय? मग चार वर्षं तुमचा धंदा घरातल्यानंच चालवला. आन तो धंदा ज्याच्यावर चाललाय, ते तुमी परक्या मानसाला न्हाईच म्हनून कळवलं.”

अमृतनं मोबाईल तिच्या हातात दिला आणि टेम्पोकडं वळला.

संध्याकाळी संस्थेच्या ऑफिसात दहा-बारा जण बसले होते. बाहेर कॅन धुतल्याचा आवाज येत होता. भीमराज चेअरमन वहीवर हात ठेवून म्हणाला, “बोला अमृतशेठ. हे काय लावलंय तुमी?”

अमृतनं घसा खाकरला. “त्या केडगावच्या पोरानं चूक केली. आमी त्याच्यावर केस...”

“चूक आमची हाय,” माधुरी मधेच म्हणाली. ती दाराजवळ उभी होती. “त्यानं लिहिलं आन वाचून घ्या म्हनला. आमी वाचलं न्हाई. शब्द कळल्या कळल्या पुसलाय. आता पोत्यात काय हाय ते विचारा, ते मी सांगते.”

भीमराजनं चष्म्यावरून पाहिलं. “तुमी कोण म्हनायच्या?”

ती उत्तर देणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, “आवाज वळखीचा हाय! पोत्यावरल्या नंबरच्या ताई का तुमी? आमच्या जर्सीची वार पडंना तवा तुमीच डॉक्टर बोलवा म्हनाल्या हुत्या.” दुसरा म्हणाला, “व्हय, व्हय, त्याच की.” मग प्रश्न सुरू झाले. गाभण गायीला किती द्यायचं, दूध आटवल्यावर चालू ठेवायचं का, पहिल्या वेताला काय. माधुरी उभ्याउभ्या उत्तरं देत राहिली. छगनबाबाच्या गायीचं रक्त तपासायला गेल्याचंही तिनं सांगितलं, आणि सगळ्यांना बजावलं की वार उघड्या हातानं ओढायची नाही.

भीमराजनं छगनबाबाकडं पाहिलं. “तुमचं काय म्हननं?”

“मला काय,” म्हातारा कुरकुरला. “लिव्हलं हुतं म्हनून आलो. पोरीवर राग न्हाई माझा.”

“मग पोतं राहू द्या काउंटरला,” भीमराज म्हणाला. “पर इथून पुढं जे काय लिहाल, ते या बाईंनी वाचल्याबिगर न्हाई.”

टेम्पोत बसल्यावर अमृतनं सुटकेचा श्वास टाकला. “लई भारी बोललीस. वाचवलंस आज. वेबसाईट आता तूच लिही बघ सगळी.”

“लिहीन. आधी तुमी लिहा.” तिनं त्याचाच मोबाईल त्याच्यापुढं धरला, करणची चॅट उघडून. “घरात तसं कोणी न्हाई म्हनून कळवलंय ना, आता खरं काय ते कळवा.”

त्यानं मुकाट्यानं लिहिलं. ‘घरात आहे. माझी बायको.’

“पुसा ते. बायको कुणाचीबी असती. त्यानं काय इचारलं हुतं? जनावरातलं जाननारं कोण हाय? मी धंद्यात कोण हाय ते लिहा.”

अमृतनं पुसलं. ‘घरात आहे. माधुरी ही आमच्या’ इथपर्यंत लिहिलं आणि त्याचा अंगठा थांबला. पोत्यावर प्रोप्रायटर म्हणून त्याचं नाव, बँकेत त्याचं, परवान्यावर त्याचं. हिच्यासाठी कुठंच कुठला शब्द छापलेला नव्हता. एक लिहिला, पुसला, दुसरा लिहिला, तोही पुसला. संस्थेतली माणसं टेम्पोला वळसा घालून घरी गेली, तरी तो स्क्रीनकडं बघतच होता.

शेवटी त्यानं मान वर केली. “काय लिहू गं?”

“मला कशाला इचारता?” माधुरी म्हणाली. “पैसे देऊन लिहिणारा ठेवलाय ना तुमी? त्याला इचारा.”