घर क्रमांक बेचाळीस, कवेलूचं

मी एक कवेलू, म्हणजे छपरावरचं मातीचं कौल, बोलतोय. सध्या मुक्काम ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्यावर. खाली चुकार गुरं कोंडलेली, वर मी. गुरं दंड भरला की सुटतात. माझं तसं नाही.

आसगावच्या जागेश्वर कुंभारानं मला चाकावर काढलं. आधी मातीचा उभा नळा करायचा, मग ओला असतानाच मधोमध चिरायचा, म्हणजे एका नळ्याची दोन कवेलू होतात. माझा जोडीदार भट्टीतच फुटला. मी खणखणीत निघालो, याचा तेव्हा मला फार तोरा होता.

चौऱ्याहत्तर साली देवकाबाईनं आम्हाला विकत घेतलं. विधवा बाई, दिवसभर विड्या वळायची. घर मातीचं, वर तणसाचं, म्हणजे भाताच्या पेंढ्याचं छप्पर. लेक रुखमाला बघायला पवनीचे पाहुणे येणार होते, म्हणून तिनं पाण्याचा पितळेचा गुंड मोडीत विकला आणि रस्त्याकडच्या ओसरीवर तेवढी कवेलू चढवली. पाहुणे समोरून आले, समोरूनच गेले. लग्न जमलं. मला वाटलं, चला, आपण कुणाच्या तरी कामी आलो.

त्याच उन्हाळ्यात घरांची आकारणी करायला सेक्रेटरी पुंडलिकराव आले. ऊन मरणाचं होतं. सायकलवरून न उतरताच त्यांनी वहीत लिहिलं, 'घर क्रमांक बेचाळीस, कवेलूचं.' मागचं तणीस बघायला कोण जातो? घरपट्टी तिप्पट झाली.

चपराशी ईश्वर दर साली बिल आणायचा आणि बाई घरी नसली की माझ्याखाली खोचून जायचा. देवकाबाईला वाचता येत नव्हतं. ती कागद काढून बघायची आणि परत तिथंच सारायची. हजार विड्या वळल्या तर माल घेणारा सट्टेदार शे-दीडशे 'छाट' म्हणून बाजूला टाकायचा. उरलेल्यांच्या पैशात तांदूळच जेमतेम यायचे. पट्टी कुठून भरणार? सात वर्षांची थकबाकी माझ्या पोटाखाली साचली.

एक्याऐंशीत सरकार निराधार बायांना दरमहा पैसे देणार असं कळलं. देवकाबाईच्या बोटांना तोवर कंप सुटला होता, विडी वळली जात नव्हती. आता ते पैसे मिळाले तरच चूल पेटणार होती. दाखल्यासाठी पुंडलिकराव चौकशीला आले, ते पुन्हा रस्त्यावरच थांबले.

"घर कवेलूचं हाय बाई. निराधार कसं लिवू तुमाले? वरून सात सालची पट्टी थकली."

"साहेब, एवढी ओसरीच हाय. मांगं येऊन पाहा ना, सारं तनीस हाय."

"कागदावर कवेलू हाय. मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी बाईनं शेजारची शिडी आणली. एकेक कवेलू उतरवलं आणि टोपलीत भरून डोक्यावरून पंचायतीत नेलं. सहा खेपा झाल्या. मी शेवटच्या खेपेत होतो.

"घ्या साहेब. आता माहं घर तनसाचं झालं. तसंच लिवा."

पुंडलिकरावांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. तिनं अंगठा दिला. पदरानं तोंड पुसून ईश्वरला म्हणाली, "सुटली बापू मी." आणि गेली. तेव्हा तिला हसताना मी शेवटचं पाहिलं.

ती दूर गेल्यावर ईश्वरनं विचारलं, "तनसाचं लिवलं ना साहेब?"

"फेरआकारणीबिगर ते बदलत नाई. कवेलू जप्त दाखवले. तेवढीच थकबाकी कमी."

ईश्वरनं आमचा ढीग उचलला. त्यानंच आम्हाला कोंडवाड्यावर चढवलं.

देवकाबाई दर बाजाराच्या दिवशी विचारायला यायची, "आला का माहा कागद?" ईश्वर म्हणायचा, "येईन माय." मी वरून ऐकायचो. मला तोंड असतं तर मीच सांगितलं असतं.

श्रावणात एका दुपारी लोक फावडी घेऊन बेचाळीस नंबरकडे पळाले. ओसरीची उघडी पडलेली मातीची भिंत पाणी पिऊन बसली होती. देवकाबाई टेकून बसली असताना तीच भिंत कोसळली. तिला बाहेर काढलं तेव्हा काही उरलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात ईश्वर नेहमीप्रमाणे बिलं वाटायला निघाला. सगळी वाटून झाली, एक उरलं. तो कोंडवाड्यापाशी आला, हात वर केला आणि जुन्या सवयीनं कागद माझ्याखाली खोचला. घर क्रमांक बेचाळीस, कवेलूचं.

तेव्हापासून दर साली एक येतो. कुणी वर चढलात तर ते कागद काढा हो, आणि त्या वहीतला माझ्या नावाचा एक शब्द खोडा. ते घर तणसाचं होतं.