कुठला काटा?

मित्रांनो, एखाद्या गॅरेजच्या भिंतीला टेकून उभी असलेली, पोटाला भोक पडलेली निळी बाटली तुम्हाला दिसली, तर तिला भंगार म्हणू नका. ती मी. आता म्हातारी झाले आहे आणि माझ्या गळ्यात कुणीतरी मळका रुमाल वाळत घालतं. पण एके काळी माझ्या पोटात असा वायू होता की तो पिऊन शर्यतीच्या गाड्या वाऱ्याशी भांडायच्या. नायट्रस ऑक्साइड त्याचं नाव. लोक त्याला हसवणारा वायू म्हणतात. तुम्ही नावावर जाऊ नका. दातांचे डॉक्टर तो प्राणवायूत मोजूनमापून मिसळतात, म्हणून तिथे तो शहाण्यासारखा वागतो. माझ्यासारखीला थेट तोंड लावणाऱ्याला हसण्यासाठी पुढचा श्वास उरेलच असं नाही.

माझा जन्म ॲल्युमिनियमच्या एका जाडजूड ठोकळ्यातून झाला. यंत्राने दाबून मला पोट दिलं, गळा दिला, गळ्यात आटे पाडले. मग आत पाणी भरून असा काही दाब दिला की मी केसभर फुगले. दाब काढल्यावर होते तशी झाले. "फुगून जागेवर येते ती पास," तपासनीस म्हणाला आणि माझ्या खांद्यावर तारीख ठोकून मोकळा झाला. दर पाच वर्षांनी ही परीक्षा पुन्हा द्यावी लागते. गळ्यात झडप बसली आणि झडपेच्या कुशीत एक पातळ धातूची चकती. चकतीचं काम एकच. दाब हाताबाहेर गेला तर आपण फुटायचं, बाटलीला फुटू द्यायचं नाही. काही घरांत थोरली सून हे काम करते.

मी ज्या गॅरेजात आले तिथली थोरली सून मात्र इंजिनं बांधायची. सगळी गल्ली तिला वहिनी म्हणे. लग्न होऊन त्या आल्या तेव्हा सासरे दिवसभर गाडीखाली असायचे आणि त्यांना उजेडासाठी बॅटरी धरायला माणूस हवं असायचं. बॅटरी धरता धरता वहिनींच्या हातात पाना आला तो कायमचाच. सासरे गेल्यावर गॅरेज त्यांनी चालवलं. आणि त्यांनी बांधलेली गाडी शर्यतीत पळवायचे त्यांचे धाकटे दीर, म्हणजे आमचे भावोजी. भावोजींचा पाय जड आणि जीभ हलकी. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे, आणि दिवसातून दोनदा भांडल्याशिवाय करमतही नसे.

मला गाडीच्या मागच्या भागात पट्ट्यांनी घट्ट बांधलं. माझं काम तुम्हाला सोपं करून सांगते. पेट्रोल जळायला प्राणवायू लागतो. साध्या हवेत असतो त्याहून जास्त माझ्या वायूत असतो. बटण दाबलं की मी तो इंजिनात सोडते आणि त्याच क्षणी दुसऱ्या नळीने जादा पेट्रोल येतं. दोघं जोडीनं गेलो तर ताकद. मी एकटीच पुढे पळाले तर पिस्टन वितळतो. म्हणून वहिनींनी माझ्या वाटेवर दोन पहारेकरी बसवले होते. भावोजींचा पाय पूर्ण दाबलेला नसेल तर एक मला अडवायचा, आणि इंजिनाने पुरेसा वेग धरला नसेल तर दुसरा.

थंडी मला सोसत नाही. गारठले की दाब उतरतो आणि माझ्यातली हुशारी जाते. त्यासाठी माझ्या पोटाभोवती विजेवर तापणारा एक पट्टा गुंडाळलेला असे. एका सकाळी भावोजींना तेवढाही धीर निघेना. ते वेल्डिंगची ज्योत घेऊन माझ्याकडे आले. वहिनींनी वाटेतच त्यांचा हात धरला.

"भावोजी, तिला शेक हवाय. चटका नको."

"तेवढ्याने काय होतंय?"

"कधी काही होत नाही. एकदाच होतं."

आता खरी गोष्ट सांगते. माझे काटे दोन. एक माझ्या गळ्यातला, दाब दाखवणारा. दुसरा गॅरेजच्या कोपऱ्यातला वजनकाटा, पार्सलच्या कचेरीतून जुना म्हणून आणलेला. लोकांना वाटतं, गळ्यातला काटा वर म्हणजे बाटली भरलेली. तसं नसतं. तो माझी ऊब सांगतो, पोट नाही. पोटात किती आहे हे फक्त वजन सांगतं. रिकामी मी सहा किलो नऊशे ग्रॅम, भरल्यावर अकरा किलो चारशे, आणि त्यावर घोटभरही नाही. कारण वायू आत द्रवरूपात असतो. तो तापला की पसरतो, आणि पसरायला त्याला डोक्यावर मोकळी जागा लागते. गॅरेजात मात्र दोन्ही काट्यांना नुसतं 'काटा' म्हणायची सवय पडली होती. कुणाचं कधी अडलं नव्हतं, कारण नेहमीचा वायूवाला मला स्वतःच वजनावर ठेवून भरायचा.

मग तो दुकान बंद करून लेकीकडे राहायला गेला.

मोठ्या शर्यतीच्या दिवशी भल्या सकाळी भावोजी मला एका नव्या दुकानातून भरून घेऊन आले. हवेत गारठा होता. त्या माणसाने घाईघाईत मला गळ्याशी येईपर्यंत पाजलं होतं. आग्रहाला बळी पडलेल्या पाहुण्यासारखी माझी गत. वहिनी गाडीखाली होत्या, नुसते पाय बाहेर.

"आणली का भरून?"

"आणली."

"काटा बघितला?"

"बघितला. जागेवर आहे."

"मग बसवा."

वहिनींनी विचारला वजनाचा. भावोजींनी बघितला दाबाचा. दोघंही खरं बोलली, मित्रांनो. मला एवढं मोठं तोंड असून त्या वेळी एक शब्द बोलता आला नाही.

शर्यत एका जुन्या, वापरातून गेलेल्या धावपट्टीवर होती. दुपार चढली तशी मागच्या काचेतून ऊन थेट माझ्या अंगावर आलं. भावोजी रांगेत दुसऱ्या क्रमांकावर, अंगात अग्निरोधक पोशाख, डोक्यावर हेल्मेट. दाब आणखी चढावा म्हणून त्यांनी तापणारा पट्टाही चालू केला. माझ्या डोक्यावरची उरलीसुरली जागा संपली. आतला द्रव चारी अंगांनी रेटू लागला. मी एवढ्या शर्यती पाहिल्या, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा माझी स्वतःची भीती वाटली. भावोजींची पाठ माझ्यापासून हातभर अंतरावर होती.

वहिनी चाकांतली हवा तपासायला आल्या आणि उघड्या काचेतून त्यांची नजर माझ्या गळ्याकडे गेली.

"पट्टा कधी लावलात?"

"झाली दहा मिनिटं."

"काटा टोकाला टेकलाय."

"बरंच झालं की. आज उडायचंच आहे."

"भरली किती होती?"

"सकाळीच सांगितलं ना, काटा बघितला होता."

वहिनी काचेतून आत वाकल्या. मग हळूच म्हणाल्या, "कुठला काटा?"

भावोजींनी मान वळवून माझ्या गळ्याकडे बोट केलं, आणि बोट तसंच राहिलं.

"उतरा," वहिनी म्हणाल्या. तोवर त्यांनी आत हात घालून पट्ट्याचं बटण बंद केलं होतं.

"वहिनी, पुढचा नंबर माझा आहे. तीन वर्षं थांबलोय याच्यासाठी. एक धाव मारली की हिचं पोट आपोआप हलकं होईल."

"एवढ्या दाबाने ती सुटली तर तिच्या जोडीला पेट्रोल कुठून आणाल? इंजिन वितळेल. ते मी दहा वेळा बांधीन. तुम्हाला कुठल्या सुट्या भागांतून बांधू?"

भावोजी उतरले, पण दार असं आपटलं की मी हादरले. वहिनींनी झेंडेवाल्याला हात हलवून रांग थांबवायला लावली आणि सगळ्यांना लांब पिटाळलं. मागची गाडी भोंगा वाजवत होती. भावोजी दहा पावलांवर पाठ करून उभे राहिले. त्यांचा नंबर गेला होता.

मी धरून होते. पट्टा बंद झाला तरी त्याची धग लगेच जात नाही. आणि मग माझ्या चकतीने आपलं काम केलं.

आवाज असा झाला की भोंगेवालाही गप्प बसला. वहिनींनी चकतीपासून गाडीच्या बाहेरपर्यंत एक नळी काढलेली होती, म्हणून माझा सगळा वायू गाडीखालून फुत्कारत निघाला. धावपट्टीवर पांढरं धुकं पसरलं. भर उन्हात नळीवर बर्फ साचला. ती नळी नसती तर ते धुकं गाडीत कोंडलं असतं, आणि आत कुणी असता तर त्याचा श्वास त्याने गिळला असता. गाडीत कुणी नव्हतं. धुकं विरल्यावर भावोजी रिकाम्या सीटकडे बराच वेळ बघत राहिले.

घरी परतल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "हसायचा वायू म्हणे. तो गाडीने प्यायचा आणि रडायची पाळी माझ्यावर."

"चूक माझी," भावोजी म्हणाले.

"तुमची निम्मी," वहिनी म्हणाल्या. "निम्मी माझी. दोन वस्तूंना एकच नाव ठेवलं आणि वर अर्धंच विचारलं."

त्या दिवसापासून गॅरेजात काटा हा शब्द फक्त पायात रुतण्यापुरता उरला. एक झालं वजन, दुसरा झाला दाब. आणि 'बघितलं' हे उत्तर चालेनासं झालं. आकडा सांगायचा, मोठ्याने.

मला पुन्हा परीक्षेला पाठवलं. मी पास झाले, नवी चकती लेवून परत आले आणि पुढे कितीतरी वर्षं भावोजींच्या पाठीशी बसले. तीन वर्षं वाट पाहिलेली ती शर्यतही त्यांनी दुसऱ्या खेपेला जिंकली. लोकांनी माझ्यासोबत फोटो काढले. तो चांगला काळ होता.

शेवटच्या परीक्षेत मी फुगले ती पूर्ण जागेवर आले नाही. वय झालं, दुसरं काय. दिसायला मी अजून ठाकठीक होते. बाहेर एकाने मला मागितलंही, दोन-चार वेळा भरता येईल म्हणून. भावोजींनी नकार दिला आणि ड्रिल मशीन उचललं. नापास बाटली पुन्हा कुणी भरू नये म्हणून तिला भोक पाडतात.

"मी पाडू का?" वहिनींनी विचारलं.

"नको. माझी पाठ हिनेच सांभाळली, मीच पाडतो," ते म्हणाले. आधी झडप काढून मी रिकामी असल्याची त्यांनी दोनदा खात्री केली. मला दुखलं नाही. त्यांना दुखलं असावं, कारण भोकाच्या कडा त्यांनी कानशीने घासून गुळगुळीत केल्या. भंगारात जाणाऱ्या वस्तूच्या कडा कुणी घासत नाही.

मित्रांनो, मोठेपणी तुम्हीही कदाचित गाड्या बांधाल. माझ्या लेकीबाळींना रस्त्यावर नको, मैदानातच पळवा. त्यांना वजन करून भरा, आगीपासून दूर ठेवा, परीक्षेची तारीख चुकवू नका. आणि जवळचं माणूस 'बघितलं' म्हणालं, तर 'काय बघितलं' हे विचारायला संकोचू नका. विचारल्याचा राग येतो, पण तो संध्याकाळपर्यंत उतरतो.

परवाच गॅरेजात एक नवी बाटली आली. भावोजींनी चष्मा लावून ती वजनाला ठेवली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "अकरा किलो तीनशे सत्तर. दाब साडेसातशे, बाटली गार आहे."

गाडीखालून वहिनींचा आवाज आला, "आणि तुमचं वजन?"

"ते विचारायचं ठरलं नव्हतं, वहिनी," भावोजी म्हणाले, आणि वजनकाट्यावर उभे राहिले.