पेलणारं वजन

सलिल प्रधानला वजनाचं वेड होतं. स्वतःच्या नव्हे हो, त्याचं पोट चांगलं हातभर पुढे आलेलं होतं. वेड होतं ते बाकी सगळ्या वस्तूंच्या वजनाचं. व्हिक्टोरियातल्या डँडेनॉन्गला ट्रकचे ट्रेलर बनवणाऱ्या एका कारखान्यात तो डिझाइन इंजिनिअर होता आणि इथली पट्टी पातळ कर, तिथला बोल्ट बारीक कर, यातच त्याची उमेदीची वर्षं गेली होती. भारतात जाताना बॅग लटकवून बघायचा जो छोटा काटा असतो ना, तो लोकांच्या घरी माळ्यावरच्या सुटकेसमध्ये पडलेला असतो. यांच्याकडे तो चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये असायचा. कुठलीही वस्तू घरात आली की सलिल आधी ती काट्याला लावणार आणि मग ती काय आहे ते बघणार. लेक स्वरदा म्हणायची, बाबाने मलासुद्धा जन्मल्याबरोबर आधी तोलली असेल आणि मग जवळ घेतली असेल.

तर असल्या माणसाने बायकोला वाढदिवसाला रायफल दिली, ती कशी दिली असेल? दुकानातली सगळ्यांत हलकी.

वाढदिवसाला रायफल हे ऐकून पुण्यातल्या नातेवाइकांनी कपाळाला हात लावला होता. पण व्हिक्टोरियाच्या डोंगरात सांबरं उदंड आहेत. गोऱ्यांनी कधीकाळी हौसेने आणून सोडली, ती इतकी फोफावली की आता लायसन्स घेऊन रीतसर शिकार करता येते. सलिलला हा नाद कारखान्यातल्या मित्राने लावला. चारुता, त्याची बायको, पहिल्यांदा गेली ती निव्वळ घरी एकटी बसून कंटाळा येतो म्हणून. आणि गेली ती रमलीच. दिवसभर पाठीवर पिशवी, खांद्यावर रायफल, दऱ्या चढायच्या-उतरायच्या, आवाज करायचा नाही. घरी बोलून बोलून भांडणारी ही दोघं डोंगरात नुसत्या खुणांवर इतकी छान नांदायची की चारुताला वाटायचं, लग्नानंतरची पहिली काही वर्षं आपण असं गप्प राहायला हवं होतं.

चारुता हॉस्पिटलात सोनोग्राफी करायची. पोटातल्या बाळाचं इवलंसं हृदय पडद्यावर धरून ठेवायचं म्हणजे हात कसा हवा? तसा तिचा हात होता. कधी म्हणून कापला नाही. त्या हाताचा तिला अभिमान होता आणि तो तिने कधी लपवलाही नाही.

आणि त्याच हाताने गेल्या हिवाळ्यात घात केला. लिकोलाच्या पलीकडच्या डोंगरात, दमछाक करणारा चढ चढून वर आल्या आल्या समोर सांबराची मादी उभी. चारुताने नेम धरला, गोळी सुटली, आणि मादी पडली नाही. मागचा पाय ओढत नेच्यांच्या रानात शिरली. दोघांनी अंधार पडेपर्यंत तिचा माग काढला, गाडीत झोपून पहाटे पुन्हा काढला. पानांवर रक्ताचे थेंब दिसत होते, ते ओढ्यापाशी संपले. मादी सापडली नाही ती नाहीच. एक जीव आपल्यामुळे कुठेतरी तळमळत मेला, हे चारुताच्या मनातून जाता जाईना. कामावर पेशंटच्या पोटावर हात ठेवला की तिला ते ओढ्याकाठचं रक्त आठवायचं.

या हिवाळ्याच्या तोंडावर तिने सलिलला सांगून टाकलं, की एकदाच जाईन. जनावर जागच्या जागी गेलं तर ठीक. पुन्हा तसं झालं तर लायसन्स परत करणार आणि डोंगराचं नाव घेणार नाही. सलिलला माहीत होतं, ही बोलली की करते. पण इलाज काय सुचावा पठ्ठ्याला? चढावर हिचा हात दमतो, तेव्हा रायफलीवरची दुर्बीण आणखी हलकी बसवू, अजून दोनशे ग्रॅम वाचतील!

शनिवारच्या आर्वोला, म्हणजे दुपारी, चारुता एकटीच नेमबाजीच्या रेंजवर गेली. स्वतःची रायफल तर घेतलीच, पण काय मनात आलं कोण जाणे, तिजोरीतली सलिलची जुनी, लाकडी दस्त्याची धूड रायफलही घेतली.

आधी स्वतःची. गोळ्या कागदावर इकडेतिकडे, कशाचा कशाला मेळ नाही. हलकी रायफल धक्का असा देते की खांद्यात कुणी बुक्की मारावी. मोजण्यात चूक झाली आणि शेवटची गोळी संपलेली असताना तिने पुन्हा चाप ओढला. नुसतं टक् झालं. ना आवाज, ना धक्का. आणि तरीसुद्धा तिचे डोळे मिटले होते, खांदा आक्रसला होता आणि नळीचं टोक खाली गेलं होतं. म्हणजे हात कापत नव्हता. हात बिचारा निर्दोष होता. ती त्या रायफलला भ्यायली होती.

मग तिने सलिलचं धूड घेतलं. खांद्याला लावताना जड वाटलं खरं, पण लावल्यावर ते तिथे बसलं आणि हललं नाही. श्वास आत-बाहेर होत होता तरी नळी नाचत नव्हती. धक्का आला तो ढकलल्यासारखा, मारल्यासारखा नाही. पहिल्या दिवशी डोळे मिटलेच. पण ती दर शनिवारी जात राहिली, सलिलला मैत्रिणीकडे जाते असं सांगून, आणि एका शनिवारी तिच्या लक्षात आलं की गोळी सुटताना आपण टक्क बघतोय.

आता हे सलिलला सांगायचं म्हणजे आली का पंचाईत. कारण ती हलकी रायफल त्याने किती दुकानं पालथी घालून, किती व्हिडिओ बघून निवडली होती हे तिला माहीत होतं. चार दिवस तिने वाट पाहिली आणि मग जेवताना, आमटी वाढता वाढता सांगून टाकलं.

सलिलचा घास हातातच राहिला. तो म्हणाला, "अगं, पण ती चढावर तुला झेपणार नाही."

"झेपायचं माझं मी बघते," चारुता म्हणाली. "मला पेलणारी हवी."

सलिलला वाटलं, दोन्ही एकच. पण एकच कुठे? झेपणं म्हणजे ओझं वरपर्यंत नेता येणं. ते काय, हमालही नेतो. पेलणं वरती गेल्यावर सुरू होतं. श्वास घशाशी आलेला, पाय लटपटतायत, समोर एक जिवंत जनावर उभं, आणि अशा वेळी हातातली वस्तू आपल्या ताब्यात राहते की नाही, हे पेलणं. हलकी रायफल चारुताला झेपत होती. पेलत नव्हती.

सलिल ताट तसंच ठेवून गॅरेजमध्ये निघून गेला. रागावला नव्हता, दुखावला होता, आणि ते जास्त वाईट. चारुताही मागे गेली नाही. समजूत काढायला गेलं की हा माणूस आणखी फुगतो, हे तिला ठाऊक होतं.

सकाळी मात्र ती स्वयंपाकघरात आली तर हा काटा घेऊन हजर. दोन्ही रायफली तोलून झालेल्या. जुनी एक किलोने जड. दमवणाऱ्या डोंगरात एक किलो म्हणजे चेष्टा नाही, तेव्हा हा एक किलो दुसरीकडून कुठूनतरी काढायचा, असं त्याने जाहीर केलं. इंजिनिअर परत कामावर आला होता. चारुताला इतकं बरं वाटलं की तिने चहात साखर दोनदा घातली.

मग तिने काय केलं, डोंगरात नेतात तशी आपली पाठपिशवी भरून आणली आणि काट्याला लावली. काटा बघून सलिलने ती काढली आणि पुन्हा लावली. रायफलीहून जड! उघडून बघतो तर दोन मजली स्टीलचा डबा, त्यात थालीपीठं आणि बटाट्याची भाजी. काचेच्या बरणीत लसणाची चटणी. चिवडा. बेसनाचे लाडू. आणि भला मोठा थर्मास, कारण साहेबांना अकराला चहा लागतो आणि तो घरचाच लागतो. म्हणजे इतकी वर्षं हा माणूस दुर्बिणीतले ग्रॅम वाचवत होता आणि बायको त्याचा फराळ पाठीवर वाहून डोंगर चढत होती.

"खाण्याचं वजन मी कधी धरलंच नाही," सलिल म्हणाला. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मग दोघंही हसत सुटली. स्वरदा झोपेतून उठून आली, तिला वाटलं काही सांडलं. शेवटी पिशवीत राहिली चार थालीपीठं, कागदात गुंडाळलेली, आणि पाण्याची बाटली. लाडू सलिलने स्वतःच्या खिशात घातले. तेवढं चालायचंच.

जूनमध्ये, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, दोघं निघाली. डोंगर तोच, ओढा तोच. चारुतानेच तसं ठरवलं होतं. सकाळी दंव असं गोठलेलं की गवत पायाखाली कुरकुरत होतं. चढ सुरू झाला आणि जुन्या रायफलीने आपलं वजन दाखवलं. पट्टा खांद्यात रुतायला लागला. सलिलने दोनदा खुणेनं विचारलं, घेऊ का? तिने दोनदा नकाराची मान हलवली. पण शहाणपणा केला, हळू चालली. थोडं चढायची, झाडाला टेकायची, श्वास खाली आला की पुढे. सलिललाही त्यामुळे थांबावं लागत होतं आणि त्याच्या पोटालाही ते मानवत होतं.

असंच एका पडलेल्या झाडापाशी टेकलेले असताना सलिलने तिच्या दंडाला हलकेच बोट लावलं. दरीच्या पलीकडच्या उतारावर, क्रिकेटच्या मैदानाएवढ्या अंतरावर, काळसर नर उभा होता. ब्लॅकबेरीच्या जाळीत तोंड घालून चरत होता. वारा त्याच्याकडून यांच्याकडे येत होता.

चारुता खाली बसली. रायफल आडव्या ओंडक्यावर टेकवली. सलिलला मागून तिचा श्वास ऐकू येत होता. जनावर चुकलं तर चुकू दे, नुसतं जखमी होऊ नको रे बाबा, एवढंच तो मनात म्हणत होता. नराने मान वळवली आणि पुन्हा जाळीत घातली. तरी चारुता थांबली. श्वास खाली येऊ दिला. नळी दगडासारखी स्थिर होती.

आवाज झाला. नर उभ्या जागी खाली बसला आणि कलंडला. पाय एकदा हलले आणि थांबले.

थोडा वेळ थांबून दोघं दरी उतरून पलीकडे गेली. चारुताने आधी काठीने लांबून डोळ्याला स्पर्श करून पापणी हलते का पाहिलं, मग गुडघ्यांवर बसून मानेवर तळवा ठेवला. सराईत तळवा तो, आत काही चालू असतं तर त्याला कळलं असतं. काही नव्हतं. कातडी अजून ऊबदार होती. नराच्या ओठांतून ब्लॅकबेरीचं एक पान बाहेर आलं होतं, अर्धं चावलेलं.

"खात होता," ती म्हणाली. "याला काही कळलंच नाही."

"नाही कळलं," सलिल म्हणाला.

"तिला कळलं होतं रे."

ओढ्यापाशी हरवलेली मादी सलिललाही आठवत होती. चारुताशेजारी ओल्या गवतात तो फतकल मारून बसला. गवत उपटता उपटता म्हणाला, "ती रायफल मी निवडली होती."

चारुताने मानेवरचा हात काढला नाही. पण दुसरा हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला, आणि गेल्या हिवाळ्यापासून अडलेलं रडू तिला तिथे आलं. सलिलने तिला रडू दिलं. दोघांवरही ऊन आलं, तेव्हा ती उठली, बाह्या वर केल्या आणि जनावर सोलायला त्याच्याकडे सुरी मागितली.