एकविसावर थांबलेली मोजणी

बत्तिसाव्या वर्षी ती लिफ्टचं काम शिकायला निघाली तेव्हा सासूबाईंनी कपाळावर हात मारला होता. चार वर्षांनी सासूबाईच शेजारणींना सांगत सुटल्या होत्या, "आमची सून ब्रेक बांधते, ब्रेक!"

तिला शिकवणारे मिस्त्री म्हणजे अवघड माणूस. पस्तीस वर्षांत हाताला ग्रीस लागलं, नावाला डाग नाही. कौतुक करायचं झालं तर "बरं आहे", एवढंच. ज्याने ब्रेक बांधला त्याने पहिल्या फेरीला एकट्याने बसायचं, ही त्यांची रीत. आणि दुसऱ्याने बांधलेल्या ब्रेकच्या भरवशावर ते स्वतः कधी लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नसत. गुडघे कुरकुरले तरी जिने चढत.

आज तिची परवान्याची परीक्षा होती. सहा मजली इमारतीतल्या लिफ्टचा ब्रेक तिने बदलला, मदतीला आलेले मिस्त्री बाजूला उभे होते; परीक्षकांनी मान डोलावली, खिशातून पेन काढलं. राहिली होती फक्त पहिली फेरी. दोघांची थैली आवरताना तिने सवयीने हत्यारं मोजली. एकवीस. पुन्हा मोजली. एकवीसच.

"लिफ्ट चालू करायची नाही. एक पाना कमी आहे."

"अहो, घरी राहिला असेल," परीक्षक वैतागले. "मला चारला दुसरीकडे पोचायचंय. फेरी मारा, नाहीतर पुढच्या वर्षी या."

चार वर्षांवर पाणी पडणार होतं. "सकाळी बावीस हत्यारं होती, साहेब. वरून पाना पडला तर लिफ्ट मध्येच अडकेल, कुणाच्या तरी जिवावर बेतेल. तुम्ही निघालात तरी चालेल, मी चालवणार नाही."

टॉर्च घेऊन ती वर गेली. पाना लिफ्टच्या टपावर, अगदी कडेला होता. तिथे ती आज फिरकलीच नव्हती. कोण फिरकलं होतं ते तिला ठाऊक होतं. खाली येऊन ती फक्त "सापडला" म्हणाली.

मिस्त्रींना गप्प बसता आलं असतं.

"तो मी विसरलो," ते परीक्षकांना म्हणाले. "सकाळी वर ग्रीस लावायला मीच गेलो होतो. हिने अडवलं नसतं तर आज माझ्या हातून कुणाचा तरी जीव गेला असता. लिहा तसं."

तिने एकटीने फेरी मारली. लिफ्ट अलगद खाली टेकली, दार उघडलं, तर समोर मिस्त्री थैली घेऊन उभे. ते आत आले.

"पुन्हा चाचणी, मिस्त्री?"

"चाचणी कसली? मला सहाव्यावर जायचंय."

तिचे डोळे भरून आले. परीक्षकांनी सही केली की नाही, हे बघायचंही ती विसरली. तिने सहाचं बटण दाबलं.